गोठ्यासाठी काय घ्यावं: कमरेत वळणारा छोटा लोडर की फ्रंट लोडर लावलेला ट्रॅक्टर?

गोठा_राहाता | ९ नोव्हेंबर २०२५, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय, लांबला तर सांभाळून घ्या.

राहाता तालुक्यात आमचं ९ एकर रान, ३८ एचएफ (होल्स्टीन) गाई आणि लहानमोठ्या १४ कालवडी. मुक्त गोठा आहे पण गव्हाणीच्या मागं १० फुटी काँक्रीटची पट्टी आहे, ती रोज दोनदा काढावी लागते. ते शेण आणि साठवणीच्या बंकरपासून गव्हाणीपर्यंतचा मुरघास, ही दोन कामं आमचा जीव खातात. गाईमागं २० किलो धरला तरी रोजचा साडेसातशे किलो मुरघास होतो, तो पाट्यांनी आणि एकचाकी हातगाडीने ६० मीटर ओढायचा. दोन गडी होते, त्यातला एक दिवाळीला गावी गेला तो आलाच नाही. आता एक गडी, मी आणि आई. आई ६१ वर्षांची. परवा पहाटे ती फावडं टेकवून खांबाला धरून उभी होती, कंबर सरळ होईना. मला बघितल्यावर म्हणाली काही नाही, मुंग्या आल्यात. तेव्हाच ठरवलं की हा हिवाळा संपायच्या आत मशीन आणायचंच.

दोन पर्याय डोक्यात आहेत. एक, आमचा २००९ चा ३५ एचपी ट्रॅक्टर विकून ४५-५० एचपीचा फोर व्हील ड्राइव्ह घ्यायचा आणि त्याला फ्रंट लोडर, म्हणजे पुढं उचलायचा बकेट, बसवायचा. दुसरा, तो छोटा लोडर जो मधोमध कमरेत वळतो, आर्टिक्युलेटेड म्हणतात, साधारण २५ एचपीचा. गेल्या डिसेंबरात मोशीच्या किसान प्रदर्शनात त्याच्यावर बसून दोन चकरा मारल्या होत्या, तो काय डोक्यातून जात नाही. युरोपातला घेतला तर आपल्या आवाक्याबाहेर जातो, पण दुसरीकडून आणलेल्या एकाचं कोटेशन ११ लाखाच्या आसपास आहे आणि ट्रॅक्टर-लोडर मिळूनही तेवढंच होतंय. म्हणजे पैशावर निकाल लागत नाही. ज्यांनी वापरलंय त्यांनी मोकळेपणी सांगा.

काळीमाती | ९ नोव्हेंबर, रात्री १०.१५

ट्रॅक्टर घ्या दादा, यात विचार करण्यासारखं काही नाही. ट्रॅक्टर नांगरतो, रोटा मारतो, ट्रॉली ओढतो, पीटीओवर (मागच्या फिरत्या दांड्यावर) कुट्टी मशीन चालवतो आणि लोडर लावला की शेणही उचलतो. तो छोटा लोडर फक्त उचलतो. ११ लाख घालून फक्त उचलणारं मशीन आणायचं म्हणजे आपल्यासारख्याला परवडणारं नाही.

शिवाय २२ सप्टेंबरपासून ट्रॅक्टरवर जीएसटी १२ चा ५ टक्के झालाय, लोडरवर अजून १८ च आहे. सातबारा आईच्या नावावर असेल तर महाडीबीटीवर (सरकारी अनुदानाचं पोर्टल) ट्रॅक्टरसाठी अर्ज करा, महिलांना अनुदान सव्वा लाखापर्यंत असतं. फक्त पूर्वसंमती पत्र हातात पडल्याशिवाय खरेदी करू नका, आमच्या गावात दोघांनी आधी बिल फाडलं आणि दोघंही बसले हात चोळत.

आणि उद्या विकायची वेळ आली तर ट्रॅक्टर बाजारात उभा केल्या केल्या गिऱ्हाईक लागतं. त्या लोडरला कोण विचारणार?

उसाचं_टिपरू | ९ नोव्हेंबर, रात्री १०.२२

कमरेत वळणारा म्हणजे वरातीत नाचायला पण येईल की मग :) 

बाकी धागा चांगलाय, वाचतोय.

मिस्त्री_वालचंदनगर | ९ नोव्हेंबर, रात्री ११.०५

मी २२ वर्षं हायड्रोलिकची कामं करतो, ट्रॅक्टर, जेसीबी, साखर कारखान्यातले लोडर सगळं हाताखालून गेलंय. कारखान्यात बगॅसच्या ढिगावर जो मोठा लोडर फिरतो ना, तो कमरेतच वळतो, गोठा दादांचा लोडर म्हणजे त्याचं पिल्लू समजा.

आधी फरक समजून घ्या. ट्रॅक्टरची फक्त पुढची चाकं वळतात, मागची आतून कापत येतात, म्हणून खांबाला मडगार्ड घासतं. याच्यात पुढचं अर्धं आणि मागचं अर्धं मध्ये एका उभ्या पिनवर जोडलेलं असतं आणि सिलेंडर त्या दोघांना वाकवतो. चाकं स्वतः वळतच नाहीत. त्यामुळं पुढचं चाक जिथून जातं बरोब्बर तिथूनच मागचं जातं. पुढचा बकेट गेला की मागचं सगळं गेलं असं समजा.

दुसरं म्हणजे वजन. याचं इंजिन सगळ्यात मागं असतं, ते बकेटमधल्या मालाला तोल देतं. ट्रॅक्टरचं इंजिन पुढं, त्याच्याही पुढं तुम्ही लोडर लावणार, त्यात चारशे किलो ओलं शेण भरणार, तो सगळा भार बिचाऱ्या पुढच्या ॲक्सलवर. टू व्हील ड्राइव्हचा पुढचा ॲक्सल फक्त वळायसाठी केलेला असतो, उचलायसाठी नाही. फोर व्हील घेताय ते बरोबर आहे, पण तरी मागं थ्री पॉइंटला (अवजार जोडायच्या जोडणीला) काँक्रीटचा ठोकळा टांगावाच लागणार, नाहीतर मागची चाकं हलकी होऊन ब्रेकच लागत नाही. आणि तो ठोकळा टांगला की ट्रॅक्टर अजून तीन फूट लांब झाला.

तिसरं क्लच. लोडरचं काम म्हणजे पुढं-मागं, पुढं-मागं. एका वेळच्या शेण काढण्यात शंभरदा क्लच दाबाल. साध्या गिअरबॉक्सच्या ट्रॅक्टरची क्लच प्लेट लोडरवर किती टिकते ते माझ्या गल्ल्याला विचारा. छोट्या लोडरला हायड्रोस्टॅटिक असतं, पायाखाली पेडल, पुढं दाबलं की पुढं, मागं दाबलं की मागं. क्लचच नाही.

काळीमाती | १० नोव्हेंबर, सकाळी ६.५०

मिस्त्री, मान्य आहे सगळं. पण शटलवाले ट्रॅक्टर आता निघालेत की, एका दांडीवर पुढं-मागं होतात. आणि हायड्रोस्टॅटिक बिघडलं तर दुरुस्त कुठं करायचं ते पण सांगा.

मिस्त्री_वालचंदनगर | १० नोव्हेंबर, सकाळी ७.३०

ते खरं दुखणं आहे. पंप आणि मोटर गेली तर गावात कोणी हात लावत नाही. होज पाईप, सील किट, सिलेंडरचं काम कुठंही होतं. पंप मात्र ज्याच्याकडून मशीन घेतलं त्यानेच द्यायचा. म्हणून घेताना मशीन बघू नका, त्याचं गोडाऊन बघा. पंप, ड्राइव्ह मोटर, मधल्या पिनेचे बुश, फिल्टर हे चार जिन्नस शेल्फवर दाखवा म्हणावं. नुसतं "आठ दिवसांत येतं" म्हटलं तर उठून या.

शेणामाती | १० नोव्हेंबर, सकाळी ८.१०

मिस्त्रींचं वाचून राहवलं नाही. माझ्याकडे दोन वर्षांपूर्वी असाच एक छोटा लोडर होता (कंपनीचं नाव घेत नाही, भांडण मिटलंय). पहिले सात महिने सोन्यासारखा चालला. मग एका रविवारी पुढंच जाईना, नुसता आवाज. डीलर म्हणाला पंप मागवतो. तो पंप यायला ४७ दिवस लागले. ४७ दिवस ३० म्हशींचं शेण परत फावड्याने. गडी चिडला, म्हणाला मशीन आणलं तेव्हा एक माणूस कमी केलात, आता मी दोघांचं का करू? त्याचं बरोबरच होतं. शेवटी मी ते विकलं, घेतल्याच्या निम्म्याला गेलं.

मशीन वाईट नव्हतं हे पण प्रामाणिकपणे सांगतो. त्या सात महिन्यांसारखं सुख परत मिळालं नाही.

गोठा_राहाता | १० नोव्हेंबर, दुपारी १.२०

शेणामाती दादा, हे लिहिलंत ते फार बरं झालं. ४७ दिवस हा आकडा आता माझ्या डोळ्यासमोरून हलणार नाही. गोडाऊन बघायचं नक्की.

खिल्लार | १० नोव्हेंबर, दुपारी २.४५

एक मूळ प्रश्न. मुक्त गोठा आहे ना, मग रोज शेण काढताच कशाला? मुक्त गोठ्याचा फायदाच तो आहे. गाई तुडवतात, ऊन लागतं, भुगा होतो, चार-सहा महिन्यांनी एकदाच जेसीबी बोलवायचा आणि भरून द्यायचा. आमच्याकडे २० गाई आहेत, रोज शेणाला हात लावत नाही, आणि भुगा झालेलं खत द्राक्षवाले दारातून घेऊन जातात. मशीनच लागत नाही.

गोठा_राहाता | १० नोव्हेंबर, रात्री ८.३०

खिल्लार दादा, मोकळ्या अंगणातलं आम्हीही तसंच ठेवतो. पण गाई दिवसातला बराच वेळ गव्हाणीवर उभ्या राहतात आणि निम्मं शेण तिथंच पडतं, काँक्रीटवर. ते नाही काढलं तर खूर सडतात, सडावर शेण बसून मस्टायटिस (कासेची सूज) सुरू होतो. मागच्या पावसाळ्यात पाच गाईंना झाला, एका गाईचा एक सड कायमचा गेला. आणि जुलै-ऑगस्टात अंगणाचा भुगा होत नाही, नुसता राडा होतो, गाई गुडघाभर रुततात. काढावंच लागतं.

खिल्लार | १० नोव्हेंबर, रात्री ९.००

काँक्रीटवर पडतं म्हणताय तर मग बरोबर आहे तुमचं. आमची गव्हाणीमागची जागा मुरमाची आहे.

फ्रीसलंडकर | ११ नोव्हेंबर, मध्यरात्री १.१५

मी मूळचा साताऱ्याचा, आता आठ वर्षं नेदरलँड्समध्ये एका डेअरी फार्मवर काम करतो, १२० गाई. इथे जवळपास प्रत्येक गोठ्यात असा एक छोटा लोडर असतो. डच लोक त्याला नुसतं 'शोव्हेल' म्हणतात, किंवा 'क्निकलाडर', क्निक म्हणजे वाकणं. जर्मनीतही हा प्रकार फार जुना आहे. गमतीची गोष्ट म्हणजे इथे "ट्रॅक्टर की शोव्हेल" असा प्रश्नच कुणी विचारत नाही. रानात ट्रॅक्टर, गोठ्यात शोव्हेल. आमचा मालक म्हणतो की ट्रॅक्टर गोठ्यात नेणं म्हणजे घोड्याला स्वयंपाकघरात नेणं.

आता वापरणाऱ्याच्या नात्याने दोन-तीन गोष्टी. एक, मिस्त्रींनी सांगितलं की बकेट गेला की मागचं गेलं. ते चालताना खरं आहे. पण उभ्या उभ्या स्टिअरिंग फिरवलंत, किंवा भिंतीला चिकटून उभे असताना वळवून निघालात, तर मागचं बूड बाहेर फेकलं जातं. पहिल्याच आठवड्यात मी दाराचा खांब वाकवला, मालकाने काही न बोलता मला वेल्डिंग मशीन आणून दिलं. दोन, मधल्या सांध्याजवळ माणूस उभा राहता कामा नये, मशीन चालू असताना कधीच नाही. तिथे माणूस चेंगरतो. घरात लहान मुलं असतील तर आधी तो नियम, मग मशीन. तीन, भरलेला बकेट वर उचलून वळू नका. सरळ असताना जेवढं वजन झेपतं तेवढं पूर्ण वळलेलं असताना झेपत नाही, कारण मागचं इंजिन तेव्हा बरोबर मालाच्या मागे राहत नाही, बाजूला जातं. ब्रोशरमध्ये दोन आकडे असतात, सरळचा आणि वळलेला. विकणारा नेहमी मोठा दाखवतो, तुम्ही छोटा मागा.

उसाचं_टिपरू | ११ नोव्हेंबर, सकाळी ७.०५

घोडा स्वयंपाकघरात, आवडलं हे. आमच्यात म्हैस हौदात म्हणतात.

मिस्त्री_वालचंदनगर | ११ नोव्हेंबर, सकाळी ७.४०

फ्रीसलंडकर साहेब, छोटा आकडा मागा हे लाखमोलाचं. त्यात अजून एक भर घालतो. मोकळा मुरघास हलका असतो, मोठा बकेट भरून घेतला तरी दीडशे-पावणेदोनशे किलो. तोच बकेट ओल्या शेणाने भरला की चारशेच्या पुढं जातो, कारण ओलं शेण जवळपास पाण्याएवढंच जड. डेमोला डीलर मुरघास नाहीतर कडबा उचलून दाखवतो. तुम्ही त्याला शेणाचा ढीग दाखवा.

डेअरीवाली_वाळवा | ११ नोव्हेंबर, सकाळी ११.३०

सगळे पुरुष मंडळी मशीनच्या ताकदीवर बोलायला लागलेत, पण चालवणार कोण हे कुणी विचारलंच नाही की. दादा, तुम्ही दूध घालायला गेलात, गडी सुट्टीवर गेला, मग मशीनवर कोण बसणार? तुमच्या आई बसतील का?

माझ्या २२ म्हशी हायत, २४ एचपीचा फोर व्हील छोटा ट्रॅक्टर हाय, मीच चालवते. चांगला हाय, तक्रार नाही. पण क्लच दाबून दाबून माझा डावा गुडघा गेलाय, डॉक्टरनी जिना चढू नका सांगितलं, ट्रॅक्टरवर चढायचं काय ते त्यांना कुठं ठाऊक. एवढं नक्की सांगते, ज्या मशीनवर घरातली बाई न घाबरता बसती तेच मशीन रोज चालतं. बाकीची शेडमध्ये उभी राहत्यात आणि आपण परत पाटी घेतो. आईंना घेऊन जा डेमोला. त्यांना बसवा. त्या उतरल्यावर काय म्हणतात ते इथं लिहा.

गोठा_राहाता | ११ नोव्हेंबर, रात्री ९.१०

ताई, हे डोक्यातच आलं नव्हतं. आई म्हणजे मशीनमुळे कामातून सुटका व्हायची व्यक्ती असंच धरून चाललो होतो, चालवणारी म्हणून विचारच केला नाही. नेतो नक्की.

द्राक्षवेल | ११ नोव्हेंबर, रात्री १०.००

थोडं विषयांतर. कमरेत वळणारे फक्त लोडरच असतात असं नाही, इटलीत द्राक्षबागेसाठी ट्रॅक्टरही तसे बनवतात, चारही चाकं सारखी आणि मध्ये सांधा, मागं पीटीओ आणि थ्री पॉइंट पण असतं. आमच्या ८ फुटी ओळीत ब्लोअर घेऊन वळताना शेवटच्या खांबाजवळ जी कसरत होते ती त्याने जाईल. निफाड-दिंडोरीत हेडलँड (ओळीच्या टोकाची वळायची जागा) सोडायला कुणाचं मन होत नाही, शेवटच्या वेलीपर्यंत लावतात, मग वळायला जागा कुठली. असा ट्रॅक्टर आपल्याकडे परवडण्यासारखा बनला तर मी पहिला नंबर लावेन.

भातखाचर | ११ नोव्हेंबर, रात्री १०.२५

द्राक्षवेल, आमच्या कोकणात पॉवर टिलरला ट्रॉली लावली की झालंच की ते. पुढे टिलर, मागे ट्रॉली, मध्ये पिन. पाणंदीतून जिथे ट्रॅक्टर घुसत नाही तिथे टिलर-ट्रॉली सळसळत जाते. उतारावर मात्र काळजी, ट्रॉली मागून ढकलते आणि टिलर आडवा होतो. माझ्या काकांचा असाच घळीत गेला होता, ते आधी उडी मारून वाचले. सांध्यावरचं कुठलंही वाहन उतारावर जपूनच. राहात्याला उतार नाही म्हणा.

पाणंद | १२ नोव्हेंबर, सकाळी ९.००

११-१२ लाख खर्च करायच्या आधी एक स्वस्तातला उपाय. ट्रकचा जुना टायर अर्धा कापायचा, लोखंडी फ्रेममध्ये बसवायचा आणि ट्रॅक्टरच्या थ्री पॉइंटला लावायचा. आमच्या वेल्डरने ८ हजारांत केला. रबर असल्याने काँक्रीट खरवडत नाही, चिकटून येतो, शेण सगळं एका टोकाला जमा. तुमच्याकडे ३५ एचपी आहे म्हणताय तर उद्या सकाळपासून करता येईल.

गोठा_राहाता | १२ नोव्हेंबर, रात्री ८.००

पाणंद दादा, भारी आहे. पण आमच्या शेडची पागोळी साडेसात फुटांवर आहे, ३५ ची छत्री काढली तरी सायलेन्सर पत्र्याला लागतो. वाकडा सायलेन्सर करून बघतो. मुरघासाचं मात्र त्याने काही होत नाही.

काळीमाती | १२ नोव्हेंबर, रात्री ८.१५

थांबा. पागोळी साडेसात फूट आहे? मग नवा ५० एचपी लोडरसकट आत जाणार कसा? हे आधी सांगायचं होतं.

चुनाफक्की | १३ नोव्हेंबर, सकाळी ६.३०

मी इंजिनिअर-बिंजिनिअर नाही, पण नवा गोठा बांधताना एक गोष्ट केली ती सांगतो. ज्याच्याकडे फ्रंट लोडरवाला ट्रॅक्टर आहे त्याला एक सकाळ बोलवा, डिझेल आणि चहा तुमचा. मोकळ्या अंगणात तुमच्या गव्हाणीची पट्टी, दार, कोपरे हे सगळं चुन्याच्या फक्कीने जसंच्या तसं आखा, टेप लावून. मग त्याला सांगा या रेघांच्या आत बकेट भरून दाखव, वळून दाखव आणि बाहेर ये. चाक जिथं रेघ पुसतं तिथं तुमची भिंत पडली असं समजायचं. लोडरचा डेमो घरी मागवा आणि त्याच रेघांत तोही फिरवा. १० रुपयांच्या चुन्यात कळतं.

फ्रीसलंडकर | १३ नोव्हेंबर, दुपारी ३.००

चुनाफक्की, हे मी माझ्या मालकाला सांगितलं, तो म्हणाला हा माणूस इथे पाठवा.

बांधावरची_बोर | १४ नोव्हेंबर, रात्री ९.४५

पूर्ण धागा आज वाचला. एक विचारू का? जुना ३५ विकायचाच असं कशावरून ठरवलं? त्याला येतात किती?

गोठा_राहाता | १४ नोव्हेंबर, रात्री १०.१०

दीड लाखाला मागितलाय. इंजिन धूर मारतं, तेल पितं.

बांधावरची_बोर | १४ नोव्हेंबर, रात्री १०.१८

बोअर-पिस्टन केलं तर?

गोठा_राहाता | १४ नोव्हेंबर, रात्री १०.३०

७०-८० हजार सांगितलेत.

बांधावरची_बोर | १४ नोव्हेंबर, रात्री १०.४१

मग विकता कशाला भाऊ? ९ एकराला रोटा आणि ट्रॉली एवढंच तर काम आहे त्याचं. ८० हजारांत तो अजून सात-आठ वर्षं रानातलं सगळं करेल. काळीमाती दादांचं म्हणणं होतं ना की लोडर फक्त उचलतो, बाकी कोण करणार? बाकीचं करणारा तुमच्या शेडमध्ये उभा आहे. तुम्हाला नवीन लागतंय ते फक्त उचलायचंच.

काळीमाती | १५ नोव्हेंबर, सकाळी ६.४०

हे बरोबर आहे. मी जुना गेलाच असं धरून बोलत होतो. तो राहत असेल तर माझं मत बदललं. नांगरटीला ३५ ला फार ताण देऊ नका, ती भाड्याने करून घ्या, वर्षातून एकदाच तर असते.

डेअरीवाली_वाळवा | १५ नोव्हेंबर, सकाळी ७.१५

काळीमाती दादा, मत बदललं असं स्पष्ट लिहिलंत, बरं वाटलं बघा.

गोठा_राहाता | २१ डिसेंबर, रात्री ९.००

मंडळी, उशीर झाला, माफ करा. काय काय केलं ते क्रमाने लिहितो.

१५ नोव्हेंबरपासून ३० दिवस वहीत तास लिहिले. ट्रॅक्टर रानात ९ तास, ट्रॉलीला १७ तास. आणि शेण-मुरघास ओढायला आम्हा तिघांचे मिळून १६५ तास. मीच दोनदा बेरीज केली. ट्रॅक्टरच्या २६ तासांसाठी मी नवं मशीन बघत होतो आणि १६५ तास ज्यात जात होते त्याला दुय्यम धरत होतो.

मग चुन्याची फक्की. शेजारच्या गावातल्या एकाचा ५० एचपी लोडरवाला ट्रॅक्टर आणला, माणूस हातचा तरबेज. पट्टीत सरळ गेला, बकेट भरला, पण दारातून बाहेर पडून खताच्या खड्ड्याकडे वळताना तीन वेळा पुढं-मागं करावं लागलं आणि तरी मागच्या चाकाने रेघ पुसली. तेही मागं ठोकळा न लावता. छोटा लोडर एका दमात वळून गेला, रेघेला धक्का नाही. आई ओट्यावर बसून बघत होती, ती म्हणाली "हा बैलासारखा वळतो."

डेमोला शेणाचा ढीग दाखवला. डीलरच्या माणसाचं तोंड जरा उतरलं पण मशीनने उचललं. पूर्ण वळवून बकेट खाली ठेवूनच नेलं, फ्रीसलंडकरांनी सांगितलं तसं. वर उचलून बघू म्हटलं तर तो माणूसच नको म्हणाला, तेव्हा समजलं की छोटा आकडा खरा आहे.

वाळव्याच्या ताई, आईला बसवलं. आधी नाही नाही म्हणत होती. मग चप्पल काढून बसली, पेडल हळू दाबलं, मशीन वीतभर पुढं गेलं, तिनं पाय उचलला, ते जागेवर थांबलं. हे तिनं सात-आठ वेळा केलं, नुसतं वीतभर पुढं आणि थांब. उतरल्यावर म्हणाली, "सोडलं की थांबतंय, मग भ्यायचं काय."

गोडाऊन बघायला दोन ठिकाणी गेलो. पहिल्या ठिकाणी शेल्फवर फक्त फिल्टर होते. दुसऱ्याकडे पंप, मोटर, बुश तिन्ही होते, त्याचं मशीन ४० हजाराने महाग आहे, तरी तिथंच बुकिंग केलं. ३५ चं इंजिन खोललंय. पाणंद दादा, टायरचा स्क्रेपरही करून घेतलाय, मशीन येईपर्यंत त्यावरच चाललंय, सायलेन्सर आडवा करून घेतला.

शेणामाती | २१ डिसेंबर, रात्री ९.२५

शेल्फवर पंप बघितलात, बास. त्याचा नंबर मला पण पाठवा, मी परत विचार करतोय.

उसाचं_टिपरू | २१ डिसेंबर, रात्री ९.३०

पेढे कुठायत?

गोठा_राहाता | १८ फेब्रुवारी २०२६, रात्री ८.५०

३ फेब्रुवारीला मशीन आलं. पहिल्या दिवशी गाई अशा उधळल्या की दोन कालवडी कुंपणातून बाहेर. तिसऱ्या दिवसापासून आवाज आला की गव्हाणीकडे तोंड करून उभ्या राहतात, मुरघास आला हे त्यांना समजलंय. सकाळची पट्टी पाऊण तासात निघते. आई संध्याकाळचा मुरघास स्वतः टाकते, पेडलवर अजून अनवाणीच. फावडं फक्त कोपऱ्यासाठी ठेवलंय.

मिस्त्री, एक शंका. मधल्या सांध्यातून जे होज गेलेत त्यातला डावीकडचा एक पूर्ण डावीकडे वळलं की फ्रेमच्या कडेला घासतोय. वरचं रबर थोडं चकाकायला लागलंय, फुटलेलं नाही. चालेल का?

मिस्त्री_वालचंदनगर | १८ फेब्रुवारी, रात्री ९.१०

चालणार नाही. चकाकलं म्हणजे महिन्या-दीड महिन्यात तार दिसेल. उद्या सकाळी मशीन सरळ उभं करा, बकेट जमिनीवर, इंजिन बंद, सांध्याचा लॉक दांडा लावा आणि मगच हात घाला. क्लॅम्प सैल करून होज दोन बोटं वर सरकवा आणि त्यावर प्लास्टिकची स्पायरल गुंडाळा, होजच्या दुकानात मीटरवर मिळते. मग लॉक काढून दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, ताण यायला नको. मधल्या पिनेला ग्रीस दर दहा तासांनी, विसरू नका. फोटो टाका.

गोठा_राहाता | १९ फेब्रुवारी, सकाळी ८.०५

केलं. वर सरकवल्यावर कडेपासून बोटभर लांब आहे, दोन्हीकडे पूर्ण वळवून बघितलं. स्पायरल दुपारी आणतो. ग्रीसची तारीख आईनं भिंतीवर खडूने लिहायला सुरुवात केलीये, दुधाचा हिशेब लिहायच्या पाटीशेजारीच.